काळा प्लग

छावणीतले मेकॅनिक चाचा गाडीला काय झालंय ते कधी विचारत नसत. स्पार्क प्लग काढायचे, उन्हात धरायचे आणि रंगावरून दुखणं सांगायचे. एकदा बाबांच्या स्कूटरचा प्लग काजळीनं भरलेला निघाला.

"इंजन तापतच नाय. गाडी गल्लीतल्या गल्लीत फिरतीय. त्यांची फर्दापूरची लांबची फेरी सुटली का? वालिदसाहेब बरे हायेत ना?"

बाबा थकलेत, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्यांना मागं बसवून न्या एकदा. गाडीबी सुधरंल."

नेलं. परतल्यावर प्लग बिस्किटासारखा तपकिरी निघाला. चाचांनी तो न पुसता माझ्या हातावर ठेवला. "दाखवा त्यांना."

आता माझी स्कूटर बॅटरीची आहे, तिला प्लग नाही. मी किती दिवसांत लांब गेलो नाही, हे कोण ओळखणार?