शिरोळची वाट आणि अकरावं पान

माझ्या गणिताच्या सरांनी त्यांच्या नव्या सिद्धतेची एक्केचाळीस पानं कुरिअरने पाठवली, तेव्हा सोबत एकच ओळ होती. चूक सापडली तर मेल करू नकोस, येऊन सांग. आमच्यात ही जुनी पद्धत आहे: ज्याची चूक त्याला ती समोर उभं राहून सांगायची. मला ती अकराव्या पानावर सापडली. दोन महिने मी ती माझी मीच बुजवायची खटपट केली, जमलं नाही. शनिवारी कोल्हापुरात सरांचा सत्कार आणि याच सिद्धतेवर त्यांचं व्याख्यान ठरलं होतं. त्याआधी सांगायलाच हवं होतं, म्हणून डिसेंबरातल्या एका गुरुवारी तीन दिवसांची रजा टाकून गाडी काढली.

ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांसाठी आधी रस्त्याचं. पुणे ते कोल्हापूर पाच तास धरू नका, सहा धरा. साताऱ्यापुढे काम चालू आहे, वळसे आहेत, आणि कराडच्या आसपास धूळ इतकी की काचा बंद ठेवूनही दातांखाली कचकचते. मी अंधार पडता पडता पोचले, स्टँडजवळच्या साध्या लॉजवर उतरले. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळतं, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी साडेआठला सांगितलं. मग तशीच चिडून मिसळ खायला गेले. कट झणझणीत, पाव जाड, वाढणारा न विचारता दुसऱ्यांदा वाढतो. कोल्हापुरात मिसळ खाऊन मनावरचं ओझं उतरलं नाही, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

आता गणित. टाळणार होते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शून्य आणि एकच्या मधली कुठलीही संख्या घ्या. नाणं उडवा. छापा पडला तर ती दुप्पट करा, काटा पडला तर तिप्पट. उत्तर एकच्या वर गेलं तर पूर्णांक टाकून द्या, मागचा भाग ठेवा. पुन्हा नाणं. हे चालूच ठेवलं, तर ती संख्या कुठे किती काळ राहते याची शेवटी एक स्थिर वाटणी उरते. एक तर ती सगळीकडे सारखी पसरलेली असते, नाहीतर मोजक्या अपूर्णांकांवर खिळलेली. या दोन मूळ प्रकारांखेरीज तिसरा असूच शकत नाही, असं सगळ्यांना वाटतं. सिद्ध अजून कुणालाच करता आलेलं नाही. सर निवृत्तीनंतरची सगळी वर्षं याच्या मागे होते.

अकराव्या पानावर झालं होतं ते असं. नाण्याच्या प्रत्येक क्रमासाठी काही वाईट, म्हणजे युक्तिवाद लागू न पडणाऱ्या, संख्या असतात, पण इतक्या विरळ की त्यांचं माप शून्य. सरांनी धरलं की सगळ्या क्रमांच्या वाईट संख्या एकत्र केल्या तरी माप शून्यच राहील. पण असे क्रम मोजताच येणार नाहीत इतके असतात, आणि तेवढी शून्यं एकत्र आली की काहीही होऊ शकतं. एम.एस्सी.च्या पहिल्या महिन्यात सरांनी हेच आमच्याकडून घोटून घेतलं होतं.

सरांचं गाव नृसिंहवाडीच्या अलीकडे. कोल्हापुरातून जयसिंगपूर, तिथून शिरोळ, सगळं मिळून दीड तास. हंगामात मात्र उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून चालतात आणि ओव्हरटेक करायचा म्हणजे जीव मुठीत. माझी पुण्याची नंबरप्लेट पाहून एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "पावणं, दमानं की! वाडी काय पळून जात न्हाय." मला मुळात पोचायचंच नव्हतं, हे त्याला काय ठाऊक.

तीनला पोचले. सर झोपले होते. त्यांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणतं, मीही वीस वर्षं म्हणते. अक्कांनी ताक दिलं, समोर बसल्या आणि थेट विचारलं, "चूक हाय न्हवं?"

मी मान हलवली. अक्का उठून अंगणातल्या म्हशीला वैरण टाकून आल्या. सरांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेलेला मला माहीत होता, पण किती ते त्या दिवशी कळलं. सिद्धता त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर जाड मार्करने लिहिलेली. पानागणिक अक्षर मोठं होत गेलं होतं, ते का, हे मी पुण्यात बसून विचारलंच नव्हतं. आता त्यांना मार्करचंही दिसत नव्हतं.

"डोळं गेलं त्यांचं," अक्का म्हणाल्या. "आता ह्ये बी काढून घेऊ नगंस."

जैन घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवणं. भाकरी, मुगाची आमटी, घट्ट दही. सर चाचपडत ताटाशी बसले, पण बोलण्यात पूर्वीसारखेच खणखणीत. जेवण होईतो गणिताचं काढलं नाही. हात धुतल्यावर म्हणाले, "अकराव्या पानावर मला जरा धाकधूक हाय. तू नीट बघितलंस न्हवं?"

खरं सांगायला दार त्यांनी स्वतःहून उघडून दिलं होतं. अक्का ताटं गोळा करता करता थांबल्या होत्या.

"बघितलं, सर. बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. मला तेव्हा बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण खरंच बरं वाटलं.

शनिवारी त्यांना माझ्याच गाडीतून कोल्हापूरला आणलं. सांगायला जवळजवळ पन्नास किलोमीटर होते, पाचही पुरले असते. सर लहानपणीच्या शाळेतल्या गमती सांगत होते आणि मी हसत होते. सभागृह भरलं होतं. सरांना फेटा बांधला, शाल दिली. मग ते हातात कागद न घेता तासभर बोलले. फळ्यावर एका ओळीवर दुसरी ओळ चढत होती, तरी लोक वहीत उतरवून घेत होते. सिद्धतेतल्या अकराव्या पानावरच्या पायरीशी आल्यावर ते थांबले, मी बसले नव्हते त्या बाजूला हात केला आणि म्हणाले, ही पायरी माझ्या विद्यार्थिनीने तपासली आहे. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, तो लोकांना विनय वाटला.

रविवारी परत आले. वाडीची कवठाची बर्फी घ्यायची असेल तर देवळाजवळच घ्या, ताजी असते. अक्कांनी दिलेली माझ्याकडे अजून तशीच पडली आहे.

व्याख्यानानंतर आयोजकांनी सिद्धतेची पानं इंटरनेटवर टाकली होती. आठ दिवसांनी एका अनोळखी संशोधकाचा मेल आला, सरांना आणि तपासणारी म्हणून मलाही. अतिशय नम्र. अकराव्या पानाबद्दल चार ओळी. सरांना मेल त्यांची पुतणी वाचून दाखवते. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"पोरगं बरोबर म्हणतंय की गं. एवढी साधी चूक," ते म्हणाले. "तुला दिसली न्हवती?"

"नाही सर," मी म्हणाले.

 सर अजिबात न रागावता म्हणाले, "मग मीच शिकवण्यात कुठंतरी कमी पडलो."

त्यानंतर मी तीनदा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. ही पोस्ट पुतणीला पाठवणार आहे, ती त्यांना वाचून दाखवेल. पद्धत समोर येऊन सांगायची आहे, तेवढं धाडस मला झालेलं नाही. सर, अक्कांना बोल लावू नका, तुम्ही विचारलं मला होतं आणि खोटं मीच बोलले. शिकवण्यात तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत, सर. पहिल्याच वाचनात दिसली होती.