वरसेच्या जागेचे पैसे बाहेर नेताना

आई गेल्यावर वरसे गावातली आमची जागा विकली, आणि त्यातला माझा अर्धा वाटा मला ऑस्ट्रेलियात न्यायचा होता. मी तिथे बरीच वर्षं राहते. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरासाठी माल मागवायचा, उतरवून घ्यायचा, कपाटांत लावायचा, हे माझं काम. तो वाटा पोचला तर आम्हाला छोटंसं घर घेता येणार होतं, नाहीतर भाडं चालूच. आईच्या जाण्याबद्दल मला त्या वेळी फारसं काही वाटत नव्हतं. वाटेल म्हणून काही दिवस थांबले, मग कामाला लागले.

जागा रोह्याला लागूनच. बाबा धाटावच्या कंपनीत असताना त्यांनी घेतलेली. तिच्यावर घर कधी उठलं नाही. आई पावसाळ्यात तिथे शिराळी आणि पडवळ लावायची. विक्रीच्या आधी मी धाकट्या भावाला हक्कसोड लिहून दिला. आमच्याकडे बहिणीने तो द्यायचाच असतो. माझ्या आत्यांनी दिला, मावशीने दिला, आणि देऊन झाल्यावर त्या आपापल्या भावाकडे जेवून गेल्या. मला त्यात रीतीपेक्षा सोय दिसली. विकणाऱ्यांत परदेशात राहणारं कुणी असलं की घेणाऱ्याला जास्त कर कापावा लागतो. एकटा भाऊ विकणारा असला की ती भानगड उरत नाही. रोह्याच्या रजिस्टर ऑफिसात मशीनवर अंगठा ठेवला, फोटो काढून घेतला आणि बाहेर येऊन यादीतल्या त्या कामावर रेघ मारली. अर्धे तुझे, त्यात बोलायचं काय, असं भाऊ म्हणाला होता. मीही बोलले नाही.

पुढच्या सुट्टीत पैसे न्यायला आले तेव्हा भावाकडेच उतरले, पेणला रामवाडीत. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत बसून मी पैसे पाठवायच्या वाटा लिहून काढल्या. बँकेचं शुल्क थोडं दिसतं, पण डॉलरचा भाव ती आपल्या सोयीने लावते आणि खरा खर्च तिथे लपतो. पनवेलच्या परकीय चलनवाल्याचा भाव त्याहून बरा होता, आणि मी फोन ठेवते म्हटल्यावर आणखी बरा झाला. भावजयीने वेगळंच सुचवलं. तिच्या ओळखीत निडी गावच्या एका घरातला मुलगा तिकडे ऑस्ट्रेलियातच असतो. आपण इथे त्याच्या वडलांना रुपये द्यायचे, तो तिथे मला डॉलर देईल.

"कागद नाय, कटकट नाय," ती म्हणाली.

हे कायद्यात बसत नाही, असं मी सांगितलं. सगळेच करतात, ती म्हणाली. मी ती वाट खोडून टाकली. पावती नसलेला व्यवहार मी करत नाही.

मला पसंत होती ती शेवटची वाट. भावाने माझ्या इथल्या खात्यात रुपये भरायचे, सीएने दाखला द्यायचा आणि मी ते बाहेर न्यायचे. थोडी महाग होती, पण तीत पैसे आधी माझे होत होते.

पेणच्या सीएने विचारलं, पैसे कशाचे? आईच्या जागेतला माझा हिस्सा, मी म्हटलं. त्याने कागद चाळले आणि हक्कसोडाच्या प्रतीवर थांबला.

"मॅडम, हा दिल्यावर हिस्सा राहत नाही. भाऊ देतोय ती भेट. कुठूनही न्या, कागदावर भेटच लिहावं लागेल."

भाऊ शेजारच्या खुर्चीत बसून फोन बघत होता. सीए पुढे सांगत राहिला. भेटच आहे तर भावानेच थेट बाहेर पाठवावी, एक फेरा वाचतो. वर्षाला एक मर्यादा असते, पैसे माझ्या इथल्या खात्यात भरले तरी तीच. तिच्या वरच्या रकमेवर बँक पाचवा हिस्सा कर म्हणून आधी घेते. तो पुढे भावाला परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. रक्कम तीन आर्थिक वर्षांत विभागली तर काहीच कापलं जाणार नाही. मी तिथेच आकडेमोड केली. सगळ्यांत स्वस्त हेच होतं. आणखी दोन वर्षं भाडं भरणं चालण्यासारखं होतं. घरी आल्यावर भावाला तसं सांगितलं. त्यालाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने भावापुढे कागद ठेवले. मी ही रक्कम माझ्या बहिणीला स्वखुशीने आणि प्रेमापोटी भेट देत आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य त्यावर छापलेलं होतं. त्याने खाली सही केली. मग रकमेच्या चौकटीशी आला आणि पेन धरून माझ्याकडे पाहिलं.

"किती टाकू?"

त्याच्या विचारण्यात खोट नव्हती. चहात साखर किती, इतक्याच सहज त्याने विचारलं. पण पुढच्या वर्षी तो हेच विचारणार होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. त्याआधी मला फोन करावा लागणार होता, दुकान कसं चाललंय, मुलीचं कॉलेज कसं चाललंय, असं विचारून मग पैशांवर यावं लागणार होतं. तो नाही म्हणाला नसता. दुकानात माल भरायचाय, जरा थांब, असं म्हणाला असता, आणि मी थांबले असते. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

"सगळे टाक," मी म्हटलं. "एकदम."

"कर कापतील ना. तूच काल सांगितलंस."

"माझ्या पैशांतून कापू दे."

"आणि रिफंड माझ्या खात्यात येल, त्याचं?"

"तो तुझा."

त्याने पेन खाली ठेवलं. "मी काय पळून चाललोय काय, ताई? विश्वास नाय?"

"विश्वास हाय रे. दर वर्षी मागायला नाय जमणार मला."

मुलगी संगणकाकडे बघत राहिली. भावाने पेन उचललं, रक्कम आधी आकड्यांत आणि मग अक्षरांत लिहिली, आणि कागद तिच्याकडे सरकवला. परत येताना मी त्याच्या स्कूटरवर मागे बसले. दुकानात एक गिऱ्हाईक पाइपसाठी थांबलं होतं, तो त्याच्याकडे गेला. दुपारी जेवताना त्याने स्वतः माझ्या ताटात कोलंबीचं कालवण वाढलं. आम्ही दोघं जेवलो.

पैसे आठवड्यात पोचले. माझ्या तिथल्या बँकेने विचारलं, कुणाकडून आणि कशाबद्दल. भावाकडून, भेट, असं मी भरलं. घर घेतलं. जेवढा कर कापला गेला तेवढं ते स्टेशनपासून लांब गेलं. नवऱ्याने विचारलं, झालं ना तुझ्या मनासारखं? घर चांगलं आहे, मी म्हटलं.

पुढच्या वर्षी भावाचा मेसेज आला. बँकेच्या नोंदीचा फोटो आणि खाली दोन वाक्यं: रिफंड आला. पाठवू?

मी तो उभ्यानेच वाचला. एवढ्या रकमेला शुल्क किती पडेल, आजचा भाव काय, हे आधी पाहिलं. मग "ठेव" असं लिहिलं आणि मशीनमधले कपडे काढायला गेले.