माळा पडायला आलाय!

खानावळ चालवणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. माणसं जेवतात, हात धुतात आणि किस्सा ताटातच ठेवून जातात! त्यातून माझी खानावळ लालबागला तळमजल्यावर, आणि डोक्यावर, लाकडी माळ्यावर, सार्वजनिक वाचनालय. वर कुणी खुर्ची सरकवली की माझ्या आमटीत माती पडायची. मालकाला हे कधी सांगितलं नाही. का, ते पुढे कळेल.

*

इमारत कुठल्या काळातली, यावर रोज भांडण. वाचनालय सांभाळणारे नाना म्हणायचे, "इथे लाटसाहेबाचा नाच व्हायचा." गिरणीतले म्हातारे म्हणायचे, "कसला नाच! घोड्यांचा तबेला होता."

एकदा मी भिंतीत खुंटी ठोकत होते, तर आतून घोडा बांधायची भलीमोठी लोखंडी कडी निघाली. नानांना दाखवली.

"लाटसाहेब घोड्यावरूनच यायचा," नाना म्हणाले.

"आणि वर नाचायला कोण जायचं? घोडा?"

नाना रुसले. जेवायलाच येईनात. शेवटी बांगडा तळल्याचा वास वर गेला, तेव्हा उतरले!

*

मालक दादासाहेब, राहणार गिरगाव. आम्हाला हुसकावून इथे नवी बिल्डिंग बांधायचा त्यांचा बेत. वरचेवर यायचे आणि रस्त्यातूनच काठी दाखवून ओरडायचे, "माळा पडायला आलाय! जागा रिकामी करा!" वर मात्र कधी चढले नाहीत. पडेल ना!

वाचनालय गेलं की माझी चूलही रस्त्यावर. मग मी गप्प बसते होय?

"दादासाहेब, हळू बोला. माळा पडला तर तुमच्या आवाजानंच पडेल!"

*

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि वर झुंबड उडाली. पेपर एक, वाचायला सगळं गिरणगाव! नानांनी नियम काढला. पेपर सुटा करायचा, एकेकाला एकेक पान. वाचून झालं की "पान सुटलं!" म्हणून ओरडायचं आणि पुढच्याला द्यायचं. 'शांतता राखा' या पाटीखाली दिवसभर हा ओरडा!

त्यात आमचा पांडू. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला, मूळचा मालवणकडचा. एकेक अक्षर लावून वाचणार. बातमी पहिल्या पानावर सुरू व्हायची, उरलेली चौथ्यावर, आणि चौथं नेमकं पांडूकडे. लोक हात जोडायचे.

"घाई करू नको रे. माका समजान वाचूक व्हया."

"पांड्या, तुझं पान सुटेपर्यंत मुंबई महाराष्ट्रात येऊन म्हातारी होईल!"

*

एका दुपारी नाक्यावर लाठ्या चालल्या. पोरं धावत माळ्यावर गेली, मागून फौजदार आणि शिपाई. दारात नाना आडवे.

"बूट बाहेर काढा."

"आम्ही पोलीस आहोत!"

"लाटसाहेबानंसुद्धा काढले होते!"

काढले की हो! आत गेले तर सगळी पोरं मान खाली घालून वाचतायत. एकाच्या हातात बाळंतिणीच्या पथ्याचं पुस्तक, तेही उलटं. सगळेच वाचणारे, धरणार कुणाला? फौजदार बाहेर आला, तर बूट गायब.

खाली येऊन मला विचारतो. मी म्हटलं, "साहेब, मी भाकऱ्या थापते, बूट नाही."

चुलीमागे कोण बघतंय! जोड अजून आहे. कुणाच्या मापाचा असेल तर घेऊन जा.

*

पुढे सत्याग्रहात पांडूला अटक झाली. सदऱ्यात वाचनालयाचं पुस्तक होतं, तेही आत गेलं. नानांचा जीव खालीवर. तुरुंगात भेटायला गेले. तब्येत नाही, जेवण नाही, पहिलाच प्रश्न, "पुस्तक कुठाय?"

"नानानू, अजून पाचव्या पानार आसय."

नाना परत आले ते कपाळाला हात लावूनच. "त्याला जन्मठेप झाली तरी पुस्तक पुरेल!"

*

पांडू सुटून आला, त्याच सुमारास दादासाहेबांनी म्युन्सिपालटीचा साहेब आणला. त्यानं माळा धोक्याचा म्हणून लिहून दिलं की आमचा निकाल! नाना पांढरेफटक पडले. मी आमटीवर आधी झाकण ठेवलं आणि मागोमाग वर गेले.

दादासाहेब जिन्याखालीच थांबले. साहेब आत शिरला. मुंबईचं काय होणार याची मोठी बातमी त्या दिवशी आलेली, माणसं खांद्याला खांदा लावून उभी. साहेबानं कुणाच्या तरी खांद्यावरून पहिलं पान वाचलं. "उरलेलं कुठाय?"

सगळ्यांनी पांडूकडे बोट दाखवलं.

साहेब पांडूशेजारी जमिनीवरच मांडी घालून बसला.

खालून हाका सुरू. "साहेब! उतरा! माळा पडायला आलाय!"

"थांबा हो, चौथं पान सुटू दे."

दादासाहेब भडकले. काठी आपटत धाडधाड वर आले, आयुष्यात पहिल्यांदा! "हलतो की नाही, हा बघा!" म्हणत तो धिप्पाड माणूस भर माळ्यावर उड्या मारायला लागला. एक, दोन, तीन! नानांनी डोळे मिटले. मी खालच्या आमटीचा विचार केला.

साहेबानं मानही वर केली नाही.

"दादासाहेब, उजेड अडतोय. जरा तिकडे सरकून उड्या मारा!"