तिसरं 'नको'

माणसाच्या तोंडून आलेलं 'नको' खरं मानायचंच नाही, असा चंग बांधलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. आमचे बेहाल्याचे काका, म्हणजे कोलकात्याच्या बेहाला भागात राहणारे. नात्याने ते माझे कोणी नाहीत. मी साताऱ्याहून इथे कोलकात्याच्या न्यू टाउनला नोकरीसाठी आलो, तेव्हा "अरे, मराठी का तू?" असं म्हणून त्यांनी मला परस्पर पुतण्या करून टाकलं. त्यांचे आजोबा खिदिरपूरच्या गोदीत कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. काकांचा जन्म इथला, बायको बंगाली. त्यामुळे पंगतीतला मराठी आग्रह आणि पानात माशाचा तुकडा पडल्याशिवाय न थांबणारा बंगाली आग्रह, दोन्ही या एका माणसात मुरलेत. पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मी पोळीला नको म्हटलं, भाताला नको म्हटलं, तरी काकू "आर एकटू नाओ ना" म्हणत वाढतच राहिल्या. परतताना बसमध्ये मला नीट बसताही येईना. "पहिलं नको शिष्टाचाराचं, दुसरं संकोचाचं," काकांनी समजावलं, "तिसऱ्यांदा येतं ते उत्तर."

हा जेवणाच्या पानावरचा नियम त्यांनी थेट ऑफिसात आणला. आम्ही जहाजांवरच्या मालाचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर करतो, आणि आमची टीम एका खोलीत कधीच जमलेली नाही. एकजण ओसाकात, एक मुलगी मनिलात, मोठे साहेब हॅम्बुर्गला आणि आम्ही दोघं इथे. रोज दुपारी सगळे पडद्यावर भेटतात. हा कॉल काका चालवत आणि "कामात मदत हवी का?" हे प्रत्येकाला तीन-तीनदा विचारत. ओसाकाचे गृहस्थ आधी 'जमेल' म्हणत, मग 'प्रयत्न करतो', आणि तिसऱ्यांदा नुसताच लांब श्वास घेत. तो ऐकला की काका मुकाट्याने तारीख पुढे ढकलत. मनिलाची पोरगी एकदा दोन वेळा हसून नको म्हणाली आणि तिसऱ्यांदा रडायलाच लागली. तिची आई आठवडाभर हॉस्पिटलात होती आणि ही तिच्या खाटेशेजारी बसून काम उरकत होती. काकांनी तिचं काम आम्हा दोघांत वाटून टाकलं. हे वाटताना मला मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

माशी शिंकली ती साहेबांपाशी. काकांनी त्यांनाही तीनदा विचारलं आणि साहेबांचं पत्र आलं : "मी पहिल्यांदाच नाही म्हणालो होतो. माझ्या शब्दावर तुमचा विश्वास नाही का?" पाठोपाठ फर्मान निघालं की प्रश्न एकदाच विचारायचा, नाहीतर कॉल दुसरा कोणी चालवेल. मी म्हटलं, "जाऊ द्या काका, विचारा एकदाच." तर ते उसळलेच. "त्याचंही बरोबर आहे रे. त्याच्या घरी नको म्हटलं की ताट उचलत असतील. त्याच्याशी माझं भांडण नाही, त्याला मी यापुढे एकदाच विचारीन. पण त्या पोरीचं ताट मी उचलू देणार नाही!" हेच त्यांनी जरा सभ्य इंग्रजीत लिहून पाठवलं. त्याच आठवड्यात कॉल त्यांच्याकडून काढून माझ्या गळ्यात घातला गेला. माझी मान शरमेने खाली गेली, कारण मी लगेच नकार दिला नव्हता.

पहिल्याच दिवशी मनिलाच्या पोरीला मी फर्मानाप्रमाणे एकदा विचारलं. ती नको म्हणाली. काका समोर बसले होते, कानाला हेडफोन नाही, नजर स्वतःच्या कागदांवर. फक्त हाताची दोन बोटं वर. अजून दोनदा! मी पुन्हा विचारलं.

"तिने उत्तर दिलं आहे," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हणालो, "आणि मी तिला अजून एकदा विचारणार आहे."

 मी विचारलं. "अहो, खरंच नको!" असं म्हणून ती खळखळून हसली. मग मी पुढच्याकडे वळलो. तेव्हापासून रोज असंच चाललंय. साहेबांना कॉल काढून घ्यायचा असेल तर घेऊ देत, मी एकदाच विचारणार नाही.

काल दुपारी कॉल संपला, तेव्हा काका डबा धुऊन आले होते. सहज म्हटलं, "काका, कॉल गेल्याचं वाईट वाटतं का हो?"

"छे! कटकट गेली."

मी पुन्हा विचारलं.

"नाही रे बाबा. काहीतरीच तुझं."

मी तिसऱ्यांदा विचारलं. डब्याचं झाकण केव्हाच कोरडं झालं होतं, तरी ते पुसत राहिले.

"मनिलाच्या पोरीची आई," ते म्हणाले, "आता चालायला लागली का रे?"

मला माहीत नव्हतं. मी रोज तीनदा विचारत होतो, पण कामाचंच.