दोन साडू, एक खुर्ची

थोरल्यांना थोरले म्हणायचे ते वयामुळे नव्हे, बायकोमुळे. दोन बहिणी, दोन नवरे. मोठीचा नवरा तो थोरले, लहानीचा तो धाकटे. मग धाकट्यांचे केस आधी पिकलेले असेनात का! दोघे एकाच दुकानात कात्री धरायला शिकले, एकाच घरच्या मुलींशी लग्न केलं आणि बाजारामागच्या गल्लीत दोन खुर्च्यांचं सलून थाटलं. परवान्यावर नाव एकाचंच घालायचं होतं. नाणं उडवलं, थोरले जिंकले. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

आता भांडणाचं सांगतो. कारण ऐकून हसाल, तर आधीच हसून घ्या. भिंतीवरचा पंखा कुणाच्या खुर्चीकडे वळवायचा, एवढ्यावरून ठिणगी पडली. थोरल्यांची बायको नुकतीच गेली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. बोलू नये ते बोलून गेले, "परवाना कुणाच्या नावावर आहे ते विसरू नकोस."

"म्हणजे मी नोकर का रे तुझा?" धाकट्यांनी विचारलं.

थोरले गप्प राहिले. नाही म्हणायला काय जात होतं? पण माणसाची जीभ नको तिथे चालते आणि हवी तिथे टाळ्याला चिकटते. त्या दिवसापासून दोघांच्या तोंडाला कुलूप.

दुकान मात्र चालूच. बोलणं सगळं गिऱ्हाइकामार्फत. थोरले आपल्या खुर्चीतल्या माणसाला म्हणायचे, "त्यांना सांगा, पावडर संपली." तोंडाला साबण फासलेला तो बिचारा बाजूला वळून म्हणायचा, "पावडर संपली म्हणतात." तिकडून उत्तर, "सांगा, कालच आणली, डोळे उघडून बघा म्हणावं." काही लोक तर ही गंमत बघायलाच दाढी वाढवून यायचे. तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना, यातली गत. वर्षं अशीच गेली.

मग ती साथ आली. आधी सगळंच बंद. थोरले घरात बसून भिंती बघत होते. मुलगी परदेशात, तिचा फोन यायचा, "बाबा, बाहेर पडू नका." ते म्हणायचे, "कुठे जाऊ? आणि कुणाकडे?" एका माणसाच्या स्वयंपाकात एक वाईट असतं, चुकला तर कुणी नावं ठेवत नाही. खारट भाजी ते निमूट खायचे आणि संध्याकाळी खिडकीत उभे राहायचे. समोरच्या घरात दिवा लागला की त्यांना बरं वाटायचं. एवढीच सोबत.

पुढे सलूनना परवानगी मिळाली, पण नियमांची ही भली मोठी शेपटी घेऊन. तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, एका वेळी एकच गिऱ्हाईक आणि दोन खुर्च्यांमध्ये सहा फूट अंतर. थोरल्यांनी टेप लावून पाहिलं. दुकानच मुळात एवढंसं, तिथे सहा फूट आणायचे कुठून? म्हणजे एका वेळी एकच खुर्ची चालवायची. एक दिवस थोरल्यांचा, एक धाकट्यांचा. हे ठरवलंसुद्धा धाकट्यांच्या बायकोने, नवऱ्याला घरात विचारून आणि थोरल्यांना फोन करून.

आपल्या पहिल्या दिवशी थोरल्यांनी शटर उघडलं. धाकट्यांच्या खुर्चीवर चादर टाकलेली. त्यांना वाटलं, आता कसं मोकळं वाटेल! कुणाचं खोकणं नाही, कुणाचा रेडिओ नाही. दुपारपर्यंत दोन माणसं आली. मास्कमुळे दाढीचं काम बंदच होतं, केस तेवढे कापायचे. माणसं डोळे मिटून बसायची, कधी एकदा सुटतो असं त्यांना झालेलं. "मागून बारीक करू का?" विचारलं तर नुसती मान हलवायची. भिंतीवर पालिकेने कागद लावला होता, कमी बोला. अहो, सलूनमध्ये कमी बोला? मग माणसाने तिथे यायचं तरी कशाला?

समोरच्या आरशात पूर्वी डावीकडे धाकट्यांची पाठ दिसायची. वाकलेली, एक खांदा थोडा वर. थोरले चोरून तिकडे बघायचे, हे त्यांना आता कळलं. आता आरशात काच लावलेलं त्यांचं स्वतःचंच तोंड होतं आणि ते बघायची त्यांना काही हौस नव्हती. धाकटे आदल्या दिवशी येऊन गेल्याच्या खुणा मात्र सापडायच्या. कंगवे उलटे ठेवलेले, फवाऱ्याची बाटली भरलेली. सुरुवातीला थोरले चरफडत कंगवे सुलटे करायचे. नंतर त्यांनी ते सोडून दिलं. कुणीतरी आपल्या आधी इथे होतं, एवढं तरी दिसायचं.

अशातच मदतीच्या दोन योजना निघाल्या. बंद पडलेल्या दुकानांच्या मालकांना एक आणि दुकानातल्या कामगारांना दुसरी. थोरल्यांनी मालक म्हणून अर्ज केला, परवाना होताच. धाकट्यांचा परवाना नव्हता. त्यांचं घर भाड्याचं, बायकोची औषधं चालू आणि अर्ध्या दिवसांच्या धंद्यात कसलं भागतंय? बायकोने हाय खाल्ली तेव्हा त्यांनी अभिमान गिळला आणि कामगार म्हणून अर्ज केला. ती मदत मिळाली तर शहरात राहता येणार होतं. नाही मिळाली तर गावी लेकीकडे, जावयाच्या दारात जाऊन राहायचं. हे त्यांनी थोरल्यांना सांगितलं नाही. सांगणार कसं? मध्ये गिऱ्हाईक कुठे होतं?

अर्ज तपासायला पालिकेचा साहेब आला, तो नेमका थोरल्यांच्या दिवशी. तरुण होता, घाईत होता. दारातूनच त्याने विचारलं, "परवाना तुमचा ना? आणि दुसरे ते, एक दिवसाआड येणारे, ते तुमच्याकडे नोकरीला आहेत ना?"

थोरल्यांचा पारा चढला. इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं एकदम वर आलं.

"नोकर? कोण नोकर? नीट बोला साहेब. ते मालक आहेत इथले. जेवढा मी, तेवढेच ते. हात असा आहे त्यांचा, की मला सात जन्म जमायचं नाही."

"म्हणजे पगार नाही घेत तुमच्याकडून?"

"मालक कधी पगार घेतो का?"

साहेबाने मोबाइलवर बोटं चालवली आणि तो पुढच्या दुकानाकडे गेला. थोरले दिवसभर खुशीत होते. अखेर बोललो बुवा एकदाचं! धाकट्यांच्या कानावर हे जाईल, मग तेही विरघळतील, असं त्यांना वाटलं. त्या संध्याकाळी ते खिडकीत उभे राहिले नाहीत. घरात चक्क गुणगुणत फिरत होते.

चार-पाच दिवसांनी मेहुणीचा फोन आला. आवाज फाटलेला.

"भावोजी, काय बोललात हो तुम्ही त्या साहेबापाशी? यांचा अर्ज नाकारला. म्हणतात, तुम्ही मालक आहात, कामगार नाही. मालकांचं मागायला गेले, तर म्हणतात परवाना दाखवा. आता कुठे जायचं आम्ही?"

थोरले मटकन खाली बसले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी पालिकेत जाऊन रांगेसाठी आखलेल्या गोलात उभे राहिले, काचेला तोंड लावून ओरडून सांगितलं, "ते कामगार आहेत, मीच खोटं बोललो!"

काचेपलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, "आजोबा, परवा मालक, आज कामगार. उद्या काय सांगाल? यादी वर गेली. आता काही होणार नाही."

थोरल्यांची स्वतःची मदत आली, पण ती हातात पडायच्या आधीच दुकानाच्या थकलेल्या भाड्यापोटी जागावाल्याने उचलली. द्यायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. धाकट्यांना फोन लावायचा म्हणून त्यांनी किती वेळा नंबर काढला आणि किती वेळा मोबाइल पालथा ठेवला. काय म्हणणार होते? मी तुझा मान राखायला गेलो रे?

एका सकाळी दुकानासमोर टेम्पो येऊन थांबला. दिवस थोरल्यांचा होता, गिऱ्हाईक एकही नव्हतं. धाकटे उतरले. खूप वाळले होते. आत आले, आपल्या खुर्चीवरची चादर काढून त्यांनी घडी घातली. जावयाच्या ओसरीवर खुर्ची टाकून चार माणसांचे केस कापणार होते, हे मेहुणीने फोनवर सांगितलं होतं.

थोरले कात्री हातात घेऊन उभेच. मध्ये सांगायला कुणी नव्हतं. शेवटी घसा खाकरून ते थेट बोलले, "मी मुद्दाम नाही केलं रे."

"ठाऊक आहे," धाकटे म्हणाले. "साहेबाने सांगितलं मला, काय काय बोललास ते. हातबीत. आयुष्यात एकदा माझ्याबद्दल चांगलं बोललास गाढवा, ते नेमकं तेव्हाच बोलायचं होतं?"

दोघांनाही हसू आलं. मास्कच्या आत आलं तेवढंच.

"जाऊ नकोस," थोरले म्हणाले. "मी पुन्हा जातो पालिकेत. पाया पडतो त्यांच्या."

"झालं ते झालं. नोकर म्हणाला असतास ना, तर मी राहिलो असतो. ऐकून घेतलं असतं मी."

"मला काय ठाऊक तू असा अर्ज केलास?"

"विचारायचंस."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, पण तो काही आत यायला तयार नव्हता, साथीची भीती. धाकट्यांनी खुर्चीला हात घातला. लोखंडी बैठकीची जुनी खुर्ची ती, एकट्याच्याने जागची हलेना. त्यांनी दोनदा जोर लावला आणि ते धापा टाकत थांबले. थोरल्यांनी कात्री खाली ठेवली आणि दुसरी बाजू धरली.

"पायरी आहे, जपून," ते म्हणाले, आणि दोघांनी मिळून ती बाहेर नेली.