इंग्रजी नाटकाला मराठी हुंकार

बंगळूरचा हिवाळा मला सगळ्यात आधी नाकाला कळतो. सकाळी दार उघडावं, तर विरळ धुक्यातून भाजीच्या हातगाडीवरच्या अवरेकायच्या शेंगांचा तो हिरवा, तेलकट, किंचित उग्र दरवळ आत शिरतो, आणि स्वेटर शोधण्याआधीच माझा हात परातीकडे वळतो. अवरेकाय म्हणजे आपला पावटाच की, असं मी लग्न होऊन पुण्याहून राजाजीनगरात आले तेव्हा एकदा बोलून गेले होते. त्यावर सासरच्या मंडळींनी माझ्याकडे असं काही पाहिलं की ते वाक्य मी जन्मात पुन्हा उच्चारलं नाही. सोललेले दाणे भिजत घालायचे, फुगले की चिमटीत धरून दाबायचे. साल बोटांत राहते आणि आतली कोवळी डाळ सुळकन परातीत पडते. पण हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. घरातली सगळी माणसं परातीभोवती बसतात, हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, आणि मोकळ्या तोंडांचं काय करायचं हे या घरात पूर्वापार ठरलेलं आहे. कुणीतरी गोष्ट सांगायची.

गोष्टीचे अधिपती माझे सासरे. मुलांपासून नातीपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर या मुलखात आले आणि परत जायचं विसरले, असं ते मोठ्या अभिमानानं सांगतात. त्यांच्या मराठीत पुण्यानं केव्हाच अडगळीत टाकलेले शब्द अजून सुखानं नांदतात आणि त्यांच्या शेजारी कन्नड शब्द ऐसपैस मांडी घालून बसलेले असतात. उद्याला ते ‘उदईक’ म्हणतात आणि थोड्याला ‘स्वल्प’. तर या अण्णांचा दंडक असा, की सांगणाऱ्यानं वाक्य संपवलं की ऐकणाऱ्यानं ‘हूं’ म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबली. आरंभी मला याची मौज वाटायची, मग कंटाळा यायचा, आणि एकदा मी धीर करून विचारलंच, की आम्ही ऐकतोय हे दिसतंय ना तुम्हाला, मग दर वाक्याला पावती कशाला? अण्णा शांतपणे म्हणाले, ‘मग गोष्ट काय भिंतीला सांगायची काय? भिंतपण ऐकतीच की.’

आणि खरंच, हुंकार म्हणजे असतं तरी काय? ती संमती नव्हे, स्तुती नव्हे, अर्थ कळल्याची ग्वाहीही नव्हे. मी इथं आहे, तू पुढे चल, एवढंच त्या इवल्याशा नादात असतं. माणसाला याहून जास्त काही लागतं असं मला आताशा वाटत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात या परातीभोवती एक परदेशी बाई येऊन बसली. माझी लेक सानिका नववीत आहे आणि तिला इंग्रजीच्या पुस्तकात कित्येक शतकांपूर्वीचं एक पद्यनाटक अभ्यासाला आहे. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा नगरातली एक वृद्धा. तिचा परागंदा झालेला मुलगा वेषांतर करून घरी परततो आणि त्याच्या पाठोपाठ शत्रूचे शिपाई दारात उभे राहतात. हा तुझा मुलगा का, असं ते विचारतात. तिनं त्याला पहिल्या पावलालाच ओळखलेलं असतं. पण ओळख दाखवली तर त्याचा प्राण जाईल, म्हणून ती त्याच्याकडे निर्विकार मुद्रेनं पाहत एक दीर्घ भाषण करते आणि त्याच्या शेवटी सांगते, की नाही, याला मी कधी पाहिलेलं नाही.

आमच्या वेळी इंग्रजी कविता म्हणजे शब्दार्थ, संदर्भासह स्पष्टीकरण आणि मध्यवर्ती कल्पना. कवितेचं सगळं अंग सोलून झालं की बाई पुढच्या धड्याकडे वळत आणि कविता होती तिथंच गारठून पडून राही. म्हणून सानिकाच्या पुस्तकातली ती जुनाट, वळणावळणाची भाषा पाहून मला तिची कणव आली. घरात मराठी, रिक्षात कन्नड, मैत्रिणींत हिंदी, शाळेत आजचं इंग्रजी. त्यात हे कालचं इंग्रजी कशाला आणखी? पण पोरगी बिचकली नाही. ‘अगं आई, हे अण्णांच्या मराठीसारखं आहे,’ ती म्हणाली, ‘पहिल्यांदा वियर्ड वाटतं, मग सवय होते.’ अण्णा हे ऐकून इतके सुखावले की त्यांनी तिला वाटीभर डाळ जास्त वाढली.

आता खरी गोष्ट सांगते. शाळेच्या स्नेहसंमेलनात याच नाटकाचा एक प्रवेश बसवायचा होता, आणि सानिकाला ती आई व्हायचं होतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर ऐका. पहिलीपासून माझी लेक दर संमेलनात रंगमंचावर असते आणि दर संमेलनात गप्प असते. ती झाड झाली, ढग झाली, वरातीतलं माणूस झाली, आणि एका वर्षी तर भिंतीचा डावा भाग झाली. एक शब्द कधी तिच्या वाट्याला आला नाही. दहावीच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेपायी संमेलनात घेत नाहीत, म्हणजे बोलायची ही शेवटची संधी. तिनं हे रडून-भेकून सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. पण ती दाणे दाबता दाबता साध्या आवाजात म्हणाली, ‘आई, मला एकदा तरी लोकांना ऐकू यायचंय.’ मुलांच्या इच्छा मोठ्या असल्या की आईबापांना त्यांची थट्टा करता येते; इतक्या लहान इच्छेपुढे माणूस अगदी निरुपाय होऊन बसतो.

पाठांतर परातीशीच सुरू झालं. सानिका एक ओळ म्हणायची आणि अण्णा सवयीनं ‘हूं’ म्हणायचे. दुसरी ओळ, दुसरा हुंकार. कधी त्यांना ओळ विशेष आवडली तर हुंकाराऐवजी ‘सरी’ यायचं, म्हणजे ठीक, चालू दे. काय लय धरली होती त्या दोघांनी! सातासमुद्रापलीकडच्या कुणा कवीनं कधीतरी रचलेली ती ओळ आमच्या स्वयंपाकघरात उमटत होती आणि तिला एक म्हातारा कन्नड वळणाचा मराठी हुंकार देत होता. आठवड्याभरात सगळं भाषण तिला तोंडपाठ झालं. कौतुकानं माझंही डोकं फिरलं होतं, त्यामुळे आपण काय करून ठेवतोय हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

ते निवडीच्या दिवशी कळलं. वर्गासमोर उभं राहून सानिकानं पहिली ओळ खणखणीत म्हटली आणि ती थांबली. हुंकाराची वाट पाहत थांबली. पोरगी विसरली असं वाटून इंग्रजीच्या मॅडमनी हळूच दुसरी ओळ सांगितली. सानिकानं ती म्हटली आणि पुन्हा थांबली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. तिला म्हणे सगळं येत होतं, ओळ जिभेवर उभी होती, पण समोरून ‘हूं’ आल्याशिवाय पाऊल उचलत नव्हतं. मॅडम भल्या. त्यांनी तिला हाकलून दिलं नाही. पाठ करून सोमवारी पुन्हा ये, एवढंच बजावलं. पण पाठच तर होतं! घरी येऊन तिनं दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि अण्णांकडे न बघता म्हणाली, ‘तुमच्यामुळे झालं.’ अण्णांचा चेहरा एवढासा झाला.

मग रविवारी आम्ही सगळे तो हुंकार काढायला बसलो. अण्णांनी गप्प राहायचं ठरलं. पहिल्या ओळीनंतर ते कसेबसे गप्प राहिले, दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ थरथरले आणि तिसऱ्या ओळीला ‘हूं’ सुटलंच. माझ्या नवऱ्यानं त्यांच्या तोंडात लवंग ठेवायला दिली, तर लवंगेसकट हुंकार आला. त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, तर तिथून आला, आणि तोही चांगला मोठ्यानं, कारण आता त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. आम्ही हसून हसून बेजार झालो. सानिका मात्र हसत नव्हती. आपली आयुष्यातली एकुलती एक भूमिका हातची चालली आहे आणि घरची माणसं खिदळताहेत, हे तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. ते पाहून अण्णा उठले आणि तिच्याजवळ येऊन बसले. ‘मगा,’ ते म्हणाले; म्हणजे बाळा, लाडात आले की नातीला ते असंच म्हणतात, ‘मी नाही म्हटलं तर तू म्हण की. तोंडानं नको. मनात म्हण. ओळ पण तुझी, हूं पण तुझं.’

तिनं डोळे मिटले. पहिली ओळ आली, मग एक बारीकसा विराम, मग दुसरी. त्या विरामात तिची हनुवटी कळेल न कळेल अशी हलायची, बस्स. मी बघत राहिले. मनात आलं, आपण एकट्यानं पुस्तक वाचतो तेव्हा याहून वेगळं काय करतो? कुणी एक माणूस कधीच्या काळी काही सांगून निघून गेला. ते ऐकायला त्याच्या गावचं, त्याच्या भाषेचं कुणी उरलेलं नाही. आणि इथं राजाजीनगरात एक चौदा वर्षांची मुलगी त्याला मनातल्या मनात सांगते आहे, की मी आहे, तू पुढे चल. जुनं काव्य शाळेत का शिकवावं, याचं याहून सरळ उत्तर मला तरी ठाऊक नाही.

सोमवारी ती आई झाली. घरी येऊन बातमी तिनं आधी अण्णांना सांगितली, मला नंतर. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, म्हणजे फारसं नाही.

संमेलनाच्या संध्याकाळी आम्ही सारे नटूनथटून सभागृहात जाऊन बसलो. सगळ्यांची धास्ती एकच, अण्णा. सानिकानं निघताना त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, आणि ते बिचारे उपरणं तोंडाशी धरून जय्यत तयारीनं माझ्या शेजारी बसले होते. माझ्या दुसऱ्या बाजूला रेशमी साडीतली एक अनोळखी बाई होती. तिचा मुलगा शिपाई झाला होता आणि ती फोन उगारून त्याचं चित्रण करत होती. पडदा वर गेला. पांढऱ्या केसांचा टोप घालून, काठी टेकत, माझी पोर प्रकाशात आली. माझी? क्षणभर मलाच शंका आली, इतकी ती दूरची, थकलेली, कुणा भलत्याच देशातली दिसत होती. शिपायांनी विचारलं, हा तुझा मुलगा का? आणि तिनं बोलायला सुरुवात केली.

ती बोलत गेली. ओळीमागून ओळ आली, विरामामागून विराम आला, आणि शेवटच्या रांगेतल्या पोरांची कुजबुजसुद्धा थांबली. सगळ्यांना ऐकू येत होतं. भिंतीचा डावा भाग बोलत होता आणि सगळं सभागृह ऐकत होतं. ती शेवटच्या ओळीपाशी आली, नकाराच्या अगदी उंबरठ्यावर, आणि थांबली. आणि त्या निःशब्द क्षणी सभागृहात एक स्पष्ट, ठसठशीत ‘हूं’ उमटलं. मी झटकन अण्णांकडे पाहिलं. उपरणं तोंडाशी तसंच होतं आणि त्यावरून त्यांचे डोळे अपरिमित आनंदानं माझ्याकडे बघत होते. हुंकार माझा होता.

सानिका डगमगली नाही. काठीवरची मूठ तेवढी आवळली, आणि आपल्या लेकराकडे पाहत, चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता तिनं सांगितलं, की नाही, याला मी कधी पाहिलेलं नाही. कसं जमलं असेल हे नाटकातल्या त्या बाईला? पोटचा गोळा हाताच्या अंतरावर उभा असताना इतकं कोरडं राहणं कुठल्या आईला जमतं? टाळ्या सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या बाईनं फोन खाली केला. तिच्या चित्रणात माझा हुंकार शिरला असणारच. जराशा नाराजीनंच माझ्याकडे वळून तिनं कन्नडात विचारलं, की ती म्हातारी झालेली, ती तुमची मुलगी का? तिचा प्रश्न पुरा होण्याआधीच मी ‘हौदु’ म्हणाले, ‘नन्न मगळु’, हो, माझी मुलगी. आणि टाळ्यांत तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, पुढच्या दोन रांगा वळून बघेपर्यंत, पुन्हा एकदा म्हणाले.