देखणं अक्षर

मी मास्तर झालो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. पहिली नेमणूक कळंबजवळच्या एका वस्तीवर मिळाली. एक खोली, चार इयत्ता, चाळीसेक पोरं आणि एकटा मी. कालव्याचं पाणी असल्यामुळं वस्तीवरची माणसं ऊस नाहीतर भाजीपाल्यात गुंतलेली. पोरं शाळेत जाऊन बसतात, एवढंच त्यांना पुरे वाटे. खरं सांगायचं तर मलाही.

चौथीत एक मुलगी होती, वांगी लावणाऱ्या घरातली. तिचं अक्षर इतकं देखणं, की तिनं बोरूनं कित्ता गिरवला की मला माझ्याच अक्षराची लाज वाटायची. मी तिची वही सगळ्यांना दाखवत असे. धडे आम्ही एका सुरात म्हणायचो, त्यातही तिचा आवाज खणखणीत.

एक दिवस फळ्यावर उतारा लिहिताना माझा एक शब्द चुकला. तो बोटानं अर्धामुर्धा पुसून मी पुढं लिहीत गेलो. नंतर तिची वही बघितली, तर तो अर्धवट पुसलेला शब्दही तिनं जसाच्या तसा उतरवला होता. तुटकी वेलांटी, खाली उकाराची नुसती शेपटी.

"वाच बरं, काय लिहिलंयस."

ती खडाखडा म्हणू लागली. पण तो कालचा धडा होता.

मधल्या सुट्टीत मी तिला एकटीला थांबवलं. तिच्याच वहीतल्या 'घ'वर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" तिनं तो बोटानं हवेत गिरवून दाखवला. 'र'वर ठेवलं, तर तोही नुसता गिरवला. मग खाली बघत म्हणाली, "गुरुजी, मला अक्षर काढाया येतंय. पर त्ये कंचं हाय, त्ये न्हाय कळत."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाय."

शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास तिला शिकवायचं ठरवलं. चार दिवसांत तिला र, ग, म, भ ओळखू यायला लागले. 'मगर' हा शब्द तिनं आपला आपण लावला, तेव्हा ती एवढी हसली की त्या दिवशी पुढं शिकवणंच झालं नाही.

पाचव्या दिवशी तपासणीचं पत्र आलं. आठवड्यानं साहेब येणार होते आणि शाळेच्या भिंती उघड्याबोडक्या. मी जाड कागद आणले आणि तिला तक्ते लिहायला बसवलं, त्याच अर्ध्या तासात.

"आज वाचायचं न्हाय का, गुरुजी?"

"साहेब येऊन जाऊ देत. मग रोज वाचू."

बाराखडीचा तक्ताही तिनंच लिहिला. एक रेघ वाकडी नव्हती.

साहेब आले ते तक्त्यांसमोरच थांबले. "कुणाचं हे अक्षर?" मी तिला अभिमानानं पुढं केलं. साहेब खूश होऊन म्हणाले, "शाबास! वाच बाळ, काय लिहिलंयस ते."

ती तक्त्याकडं बघत राहिली. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तिचा घसा बसलाय. दोन दिवस बोलताच येत नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावला.

तक्ता मीच वाचून दाखवला. शाळेला चांगला शेरा मिळाला.

पुढं मी तिला पुन्हा शिकवायला घेतलं नाही. परीक्षा जवळ आली होती, बाकीची पोरं होती. सबबी पुष्कळ होत्या. खरं म्हणजे ती समोर आली की मला तिचा तो गळ्यावरचा हात दिसायचा. वार्षिक परीक्षेत मी तिला वाचनाचे भरपूर गुण दिले. नापास केलं असतं तर साहेबांपुढं उघडा पडलो असतो. पण नापास केलं असतं तर ती आणखी एक वर्ष शाळेत आली असती. चौथी पास झाली म्हणून घरच्यांनी तिची शाळा थांबवली, आणि माझी बारामतीला बदली झाली.

पाच-सहा वर्षांनी बारामतीच्या बाजारात हाक आली, "गुरुजी, वळखलं का?" पुढ्यात पेरूंची पाटी, शेजारी सासू. तिला वडगाव निंबाळकरला दिली होती. सासू दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली, तशी ती हळू आवाजात सांगू लागली.

"बापानं लग्न ठरवताना चौथी पास म्हनून सांगितलं व्हतं. सासरी दिरानं पत्र फुडं केलं, वाच म्हनून. मला न्हाय आलं. सासू म्हनली, आमाला फसवलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, गुरुजींनी समदं शिकवलं व्हतं, मीच इसरले."

सासू हातभर अंतरावर होती. हिनं कुणाला फसवलं नाही, मी फसवलं, एवढंच बोलायचं होतं. ते तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "बाकी सगळं बरं आहे ना?"

"बरं हाय," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत दोन पेरू जास्तीचे टाकले.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी दर जूनला एकेका मुलाला जवळ बसवून, त्यानं कधी न पाहिलेलं पान वाचायला लावत आलो. लोक त्याचं कौतुक करत आणि ते ऐकायला मला बरं वाटे, हेही खरं. वडगाव एस.टी.नं तासाभराच्या अंतरावर. तिच्या घरी जाऊन खरं काय ते सांगून यावं, असं कितीदा मनात आलं. एकदा स्टँडपर्यंत गेलोही. गाडी लागलेली होती. मी ती सुटताना बघितली आणि भाजी घेऊन घरी आलो.